एक्केचाळिसाव्या मशीनची पानं

“एक्केचाळीस गेलं,” मी म्हणालो.

पडद्यावर शहाण्णव हिरवे चौकोन होते. त्यातला एक लाल झाला होता. मी उठून काचेचं दार ढकललं आणि मशीनरूममध्ये शिरलो. थंडगार हवेत जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. तिसऱ्या कपाटातल्या एक्केचाळीस नंबरच्या मशीनचा दिवा विझला होता. बटण दाबून पाहिलं, केबल काढून पुन्हा बसवली, काही उपयोग झाला नाही. आतला मुख्य बोर्डच जळला होता.

बाहेर आलो तेव्हा डॉ. ओक खुर्चीतून अर्धवट उठून उभे होते. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“काय झालं गवंडे? आकडा पुढे का सरकत नाही?”

“एक मशीन मेलं, सर. बाकीची पंच्याण्णव त्याची वाट बघत थांबलीत.”

ते खाली बसले. त्यांच्यासमोर टेबलावर कोकण किनाऱ्याचा नकाशा पसरला होता आणि तो उडू नये म्हणून त्यांनी त्यावर दिवाळीच्या उरलेल्या चिवड्याचा डबा ठेवला होता.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी तेव्हा मशीनरूमचा प्रमुख होतो. शहाण्णव संगणक एकमेकांना जोडून केलेला आमचा एक मोठा संगणक होता. तो चालू ठेवणं, एवढंच माझं काम. त्याच्यावर चालणारं गणित दुसऱ्यांचं असे. त्या दिवशी ते डॉ. अच्युत ओकांचं होतं. वादळात समुद्राचं पाणी किनाऱ्यावर किती चढेल आणि कुठे चढेल, याचं गणित त्यांनी वीस वर्षं खपून बसवलं होतं.

नोव्हेंबरचा महिना होता. अरबी समुद्रात उठलेलं वादळ आदल्या संध्याकाळी अचानक वळलं होतं आणि आता थेट किनाऱ्याकडे येत होतं. रात्री आठच्या सुमाराला ते जमिनीला लागेल, असा अंदाज होता. आमचं आधीचं ढोबळ गणित सांगत होतं की पाणी उत्तरेला, मिठवणे बंदराच्या बाजूला चढेल. त्यामुळे जिल्ह्याच्या एसटी गाड्या, पोलीस, होमगार्ड, सगळं तिकडे चाललं होतं. पण वादळ वळल्यानंतरची वाऱ्याची नवी माहिती पहाटे आमच्या हाती आली. ओक सरांना उत्तरेबद्दल शंका यायला लागली होती. म्हणून साडेपाचला आम्ही समुद्राचे आणखी बारीक चौकोन पाडून, एकेका मशीनला त्यांचा एकेक तुकडा वाटून, मोठं गणित सुरू केलं. ते आठ तासांचं होतं. दीड वाजता उत्तर मिळायचं होतं.

तिकडून आपत्ती विभागाच्या दळवी मॅडम दर तासाला फोन करत होत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “सर, मला तीन वाजेपर्यंत सांगा. सहाला अंधार पडतो. त्यानंतर खाडीकाठच्या वस्त्या मी हलवू शकत नाही.”

आता गणित पहिल्यापासून सुरू केलं असतं, तर संपायला संध्याकाळचे सात वाजले असते.

“मधली प्रत?” ओक सरांनी विचारलं. उत्तर त्यांनाही माहीत होतं.

एरवी दर तासाला आम्ही सगळ्या मशीनांची मेमरी डिस्कवर उतरवून ठेवत असू. एखादं मशीन बंद पडलं तर त्या प्रतीपासून पुढे जाता येई. पण गेले तीन दिवस आमच्या डिस्का कुरकुर करत होत्या. एकेका प्रतीला पाऊण तास लागत होता. म्हणून पहाटे दोघांनी मिळूनच ठरवलं होतं, आज प्रती काढायच्या नाहीत.

“नाही सर,” मी म्हणालो.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून झरीना मुकादम उठली. रत्नागिरीकडची, तिशी नुकतीच ओलांडलेली, कमी बोलणारी. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे संशोधक म्हणून आली होती. तिचं आणि माझं फारसं जमत नसे, आणि त्याचं कारण तिचा एक प्रोग्राम होता.

तो प्रोग्राम असा. संगणकाची मेमरी छोट्या छोट्या पानांत वाटलेली असते. आमच्या एकेका मशीनमध्ये ओक सरांच्या गणिताची तीस लाखांहून जास्त पानं असत. झरीनाचा प्रोग्राम सगळ्या शहाण्णव मशीनांत बसून प्रत्येक पानाचा एक छोटासा ठसा घेई. पानातलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा बदलतो. दोन ठसे जुळले, की ती दोन पानं सारखी. कोणाचं कुठलं पान आणखी कोणाकडे आहे, याची वही सगळी मशीनं मिळून सांभाळत. आणि त्यातून तिला असं दिसलं होतं की दहांतली सात पानं दुसऱ्या कुठल्यातरी मशीनमध्ये जशीच्या तशी असतात.

मी तीन बैठकांत त्या प्रोग्रामबद्दल तक्रार केली होती. तो शंभरातले दोन भाग वेग खात असे. “सारखी पानं आहेत तर असू देत की,” मी म्हणालो होतो. “ती मोजून मिळतं काय?” तिने तेव्हा काही तरी समजावलं होतं. मी नीट ऐकलं नव्हतं.

आता ती माझ्यासमोर उभी राहिली.

“गवंडे सर, राखीव मशीन आहे ना एक?”

“दोन आहेत. सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव. पण रिकामं मशीन घेऊन काय करायचं? एक्केचाळीसची मेमरी गेली. वीज गेली की मेमरी पुसली जाते.”

“त्याच्यातली गेली,” ती म्हणाली. “बाकीच्यांकडे आहे.”

ओक सरांनी मान वर केली. “मुकादमबाई, नीट सांगा.”

ती पहिल्यांदाच इतकं सलग बोलली असेल. “सर, एक्केचाळीसमध्ये कुठल्या जागी कुठलं पान होतं, त्याच्या ठशांची यादी दुसऱ्या मशीनांवर आहे. गणिताच्या प्रत्येक पावलाला, म्हणजे गणितातली वेळ एक टप्पा पुढे सरकली की, ती नवी होते. दहांतली सात पानं इतरांकडे तशीच आहेत. ती त्यांच्याकडून मागून आणायची.”

“आणि उरलेली तीन?”

“ती फक्त त्याच्याकडे होती. पण सर, सारखी पानं एका मशीनमध्ये दोनदा ठेवायची गरज नसते. एकच ठेवली की जागा मोकळी होते. त्या मोकळ्या जागेत मी प्रत्येक मशीनची एकटी पानं दुसऱ्या मशीनवर ठेवत आलेय. दर पावलाला.” मग ती म्हणाली, “दोन टक्के वेग त्यातच जातो.”

माझ्याकडे न बघता म्हणाली ती. पण मला ते लागलं.

“हे याआधी केलंयत कधी?” ओक सरांनी विचारलं.

“चार मशीनांवर. प्रयोग म्हणून. इथे नाही.”

ओक सर खिडकीपाशी गेले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, संस्थेच्या माळ्याने हिरवळीवर पाण्याचा पाइप सोडला होता. पुण्यातल्या त्या आभाळाकडे बघून कोणाला वादळ खरं वाटलं नसतं.

“करा,” ते म्हणाले.

माझं काम होतं सत्त्याण्णव नंबरच्या मशीनला एक्केचाळिसाच्या जागी बसवण्याचं. बाकीची पंच्याण्णव मशीनं एकाच नावाची वाट बघत थांबलेली होती. त्यांना कळता कामा नये की मधे कोणी मेलं. नाव, पत्ता, जोडण्या, सगळं बदलायचं आणि तेही चालू गणिताला धक्का न लावता. मी ते पूर्वी मोकळ्या वेळात करून पाहिलं होतं, पण थांबलेलं गणित हातात असताना कधीच नाही. वीस मिनिटांनी मी म्हणालो, “झालं. तुमचं सुरू करा.”

झरीनाने एक ओळ टाइप केली आणि मोठा पडदा उजळला. तिने त्यावर शहाण्णव आडव्या पट्ट्या काढल्या होत्या. ज्या मशीनकडून पान निघेल त्याची पट्टी चमके. खाली एक आकडा होता, किती पानं बसली त्याचा.

आधी दोन-चार पट्ट्या लुकलुकल्या. मग दहा. मग एकदम सगळा पडदाच चमकायला लागला.

मी बारा वर्षं त्या मशीनांची देखभाल करत होतो. प्रत्येकाचे नखरे मला माहीत होते. नऊ नंबरचा पंखा आवाज करतो, साठ नंबर उन्हाळ्यात तापतं. माझ्या लेखी ती शहाण्णव वेगळी खोकी होती, तारेने बांधलेली. त्या पडद्यावर मी ती पहिल्यांदा एकमेकांत गुंतलेली पाहिली. चाळीस आणि बेचाळीस हे शेजारी, त्यांच्याकडून भराभर पानं येत होती, ते मला समजत होतं. शेजाऱ्याच्या हद्दीवरची पट्टी प्रत्येक मशीन जवळ ठेवतंच. पण त्र्याऐंशी? त्र्याऐंशी नंबरकडे किनाऱ्यापासून चारशे किलोमीटरवरचा खोल समुद्र होता. त्याचा एक्केचाळिसाशी काडीचाही संबंध नव्हता. आणि त्याची पट्टी सारखी चमकत होती.

“हे काय देतंय?” मी विचारलं.

“भरती-ओहोटीचे आकडे,” झरीना म्हणाली. “वाऱ्याच्या घर्षणाचे तक्ते. कोरी पानं. सगळ्यांनी आपापल्या कामाला म्हणून ठेवलेलं. दुसऱ्यासाठी कोणीच ठेवलं नव्हतं.”

पंचवीस लाख. सत्तावीस लाख. आकडा चढत होता. त्या रिकाम्या सत्त्याण्णव नंबरमध्ये पान पान करून एक मेलेलं मशीन उभं राहत होतं. त्याने सकाळपासून मोजलेली प्रत्येक लाट, प्रत्येक चौकोनातली पाण्याची उंची. मी खुर्ची ओढून घ्यायला विसरलो होतो. ओक सरही उभेच होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि त्यांचे ओठ आकड्याबरोबर हलत होते.

तीस लाख अठ्ठावन्न हजारांवर आकडा थांबला.

आम्ही वाट पाहिली. पट्ट्या विझल्या. आकडा हलला नाही.

“किती हवी होती?” ओक सरांनी विचारलं.

“एकतीस लाख वीस हजार,” झरीना म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “बासष्ट हजार कमी आहेत. असं होता कामा नये. माझ्या वहीत ही पानं कोणाकडे तरी होती, म्हणून तर मी त्यांच्या प्रती ठेवल्या नाहीत. आणि आता वही म्हणते, कोणाकडेच नाहीत.” तिने दोन-तीन आज्ञा दिल्या, उत्तरं वाचली, पुन्हा दिल्या. “माझंच काही चुकलं असणार. चार मशीनांवर चाललं म्हणजे शहाण्णववर चालेलच असं नाही. मी म्हणायलाच नको होतं, सर.”

फोन वाजला. दळवी मॅडमचा. ओक सरांनी उचलला. “हो. अडचण आहे. नाही, अजून सांगता येत नाही. उत्तरेकडच्या गाड्या जाऊ देत तूर्त.” त्यांनी फोन ठेवला.

मला माहीत होतं काय झालंय.

सकाळी आठ वाजता, झरीना चहाला खाली गेली असताना, मी तिचा प्रोग्राम आठ मशीनांवर बंद केला होता. पंचवीस ते बत्तीस. तिला सांगितलं नव्हतं, सरांनाही नाही. मला दाखवून द्यायचं होतं की तो नसताना मशीन किती जोरात पळतं. पुढच्या बैठकीत आकडे टेबलावर टाकायचे होते. बंद करताना त्या आठ मशीनांच्या वहीतल्या नोंदीही पुसल्या गेल्या. तीन तास ती आठ मशीनं तिच्या वहीच्या लेखी नव्हतीच.

एक मिनिटभर मी गप्प राहिलो. ते मिनिट मला अजून आठवतं. गप्प राहिलो असतो तर कोणालाच कळलं नसतं. प्रोग्राम नवा होता, फसला असं झालं असतं. तिनेही स्वतःलाच दोष दिला असता, देतच होती. पडद्यावर तो आकडा तसाच उभा होता.

“तुमचं चुकलेलं नाही,” मी म्हणालो. “मी बंद केला होता. आठ मशीनांवर. सकाळी.”

ती वळली. ओक सरही वळले.

“का?” ती म्हणाली.

“तुमचा प्रोग्राम निरुपयोगी आहे हे दाखवायला.”

मला वाटलं ती ओरडेल. ओक सर तरी काही बोलतील. सर माझ्याकडे असे बघत होते, की मी खाली बघितलं. पण झरीनाने फक्त विचारलं, “कुठली आठ?”

“पंचवीस ते बत्तीस.”

“त्यांची मेमरी जागेवर आहे?”

“आहे. ती सगळी थांबलीत. एक्केचाळिसाची वाट बघत. त्यांच्यातलं काहीही बदललेलं नाही.”

तिच्या डोळ्यांत एकदम काहीतरी हललं. “म्हणजे पानं आहेत! फक्त ठसे नाहीत. आत्ता ठसे घेऊ. सुरू करा, गवंडे सर, आठही. लवकर.”

मी सुरू केले. माझ्या आयुष्यात मी इतक्या काळजीने आठ ओळी कधी टाइप केल्या नाहीत. पंचवीस नंबरने आपल्या पानांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, मग सव्वीस, मग सत्तावीस. चार मिनिटं पडद्यावर काहीच नाही. पाचव्या मिनिटाला अठ्ठाविसाव्या पट्टीवर एक ठिपका चमकला. मग दुसरा. मग ती आठ पट्ट्यांची रांग एकदम पेटली आणि अडकलेला आकडा सुटला.

“खाडीच्या तळाचे आकडे आहेत,” झरीना पुटपुटली. “पंचवीस ते बत्तीसच्या हद्दीत त्या खाड्या येतात. एक्केचाळीसकडेही हेच होते, आणि ते बदलत नाहीत म्हणून प्रोग्रामने पहाटेनंतर पुन्हा बघितलंच नाही.”

एकतीस लाख वीस हजार चारशे अठ्ठेचाळीस. आकड्यापुढे हिरवी खूण उमटली.

झरीना खुर्चीत मागे रेलली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी सरांकडे वळलो. “सर, सुरू करू?”

“थांबा,” ओक सर म्हणाले.

बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

“या आकड्यांवर मी सही करणार,” ते सावकाश म्हणाले. “माझ्या सहीवर तिकडे हजारो माणसं घर सोडणार. किंवा नाही सोडणार. पानं जमली हे मी पाहिलं. ती बरोबर आहेत हे मला कोण सांगणार?”

“प्रत्येक पानाचा ठसा पुन्हा तपासलाय, सर,” झरीना म्हणाली.

“ठसा तुमचा, तपासणीही तुमचीच. मला दुसरं काहीतरी दाखवा.”

ती विचारात पडली. मग म्हणाली, “जिवंत मशीन निवडा, सर. कुठलंही. ते मेलंय असं समजून मी त्याची मेमरी बाकीच्यांकडून जमवते, दुसऱ्या राखीव मशीनमध्ये. त्याच्या स्वतःच्या मेमरीला हात न लावता. मग दोन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघू. ठसे नकोत. अक्षरं.”

“किती वेळ?”

“पंधरा-वीस मिनिटं.”

ओक सरांनी घड्याळ पाहिलं. मी मनात हिशेब केला; वीस मिनिटं दिली तरी तीनच्या आत गणित संपत होतं, जेमतेम.

“सतरा,” ते म्हणाले. “आमच्या लग्नाची तारीख.”

पुन्हा पट्ट्या चमकल्या. आता त्यात सगळीच होती, पंचवीस ते बत्तीससुद्धा. अठ्ठ्याण्णव नंबरमध्ये दुसरं सतरा उभं राहिलं. मग ताडणी सुरू झाली. एका बाजूला सकाळपासून राबणारं जिवंत मशीन, दुसऱ्या बाजूला त्याच्याशिवाय, इतरांच्या तुकड्यांतून बनलेलं. बाराशे कोटी अक्षरं. पडद्यावर एकच ओळ होती: फरक, आणि त्यापुढे शून्य. ओळीखालची पट्टी भरत होती आणि आम्ही तिघं त्या शून्याकडे बघत होतो. ते एक होईल, आत्ता होईल, असं मला प्रत्येक क्षणी वाटत होतं.

पट्टी भरली. शून्य शून्यच राहिलं.

ओक सर पडद्याजवळ गेले आणि त्यांनी काचेवर, त्या शून्यावर, बोट टेकवलं. सत्तरीला टेकलेला तो माणूस, कधी कोणाचं कौतुक न करणारा. ते झरीनाकडे वळले. “बाई,” ते म्हणाले, “मी वीस वर्षं हे गणित लिहितोय. त्याच्या पोटात असं काही आहे हे मला माहीत नव्हतं.”

“मलाही आजच दिसलं, सर,” ती म्हणाली.

बारा वाजून पस्तीस मिनिटांनी मी सत्त्याण्णव नंबरला सोडलं. क्षणभर काही झालं नाही. मग पाऊलमोजणीचा आकडा, जो दीड तास अडकून होता, एकने वाढला. पंच्याण्णव मशीनांना मधे काही घडल्याचं कळलंच नाही. ती पुढे निघाली.

दोन वाजून त्रेपन्न मिनिटांनी गणित संपलं. ओक सरांनी छापलेला नकाशा जुन्या नकाशावर ठेवला. उत्तरेला मिठवण्यापाशी पाणी अर्धा-पाऊण मीटर. आणि दक्षिणेला, जिकडे एकही गाडी गेलेली नव्हती, खारवेळच्या खाडीत, लाल डाग. वळलेला वारा पाणी त्या अरुंद तोंडात कोंबणार होता. तीन मीटरच्या वर.

सरांनी स्वतः फोन लावला. “दळवी मॅडम, गाड्या खारवेळला वळवा. हो, खारवेळ. खात्री आहे माझी.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ते म्हणाले, “सही करून फॅक्स करतोय.”

त्या रात्री खारवेळची अकराशे माणसं वरच्या सड्यावर, कातळाच्या उंच पठारावरच्या हायस्कुलात होती. पाणी साडेआठला आलं. बंदरावरच्या होड्या गेल्या, छप्परं गेली, जाळी गेली. माणूस एकही गेलं नाही.

माझ्या त्या आठ मशीनांबद्दल संस्थेच्या अहवालात एक परिच्छेद आहे. तो मीच लिहिला. झरीनाने मसुदा पाठवताना तेवढी जागा कोरी ठेवली होती आणि शेजारी लिहिलं होतं, “हे तुम्ही लिहा.” मला ताकीद मिळाली, ती योग्यच होती. ठसेवही त्यानंतर कधी बंद झाली नाही.

तीन आठवड्यांनी ओक सरांनी आम्हा दोघांना खारवेळला पाठवलं. पाणी खरोखर किती चढलं, ते गणिताशी ताडायचं होतं. खाडीकाठच्या एका घरापाशी आम्ही टेप लावून मोजत होतो. घर सुगंधा तारी नावाच्या बाईंचं होतं. छप्पर नवं घातलेलं, पत्रे अजून चकाकत होते. भिंतीवर चिखलाची तपकिरी रेघ उमटली होती.

“पाणी हयसर इला हुता,” त्या रेघेकडे बोट दाखवत म्हणाल्या. मग आमच्याकडे वळल्या. “आमका सगळे मिठवण्याक येतला म्हणान सांगत हुते. तुमका कसा कळला, आमच्याच खाडीत येतला ता?”

झरीना माझ्याकडे बघून म्हणाली, “हे सांगतील.”

मी सांगितलं. मशीन कसं मेलं, बाकीच्यांकडून त्याची मेमरी कशी गोळा झाली, शक्य तितक्या साध्या भाषेत. त्यांच्या दारात उभं राहून मला ते अर्धवट सांगता येईना. म्हणून मी आठ मशीनांचंही सांगितलं. मी का बंद केलं होतं तेही.

बाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

“मगे परत चालू केलात मा?”

“केलं.”

“मगे झाला तर,” त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

झरीनाने टेपचं खालचं टोक जमिनीवर धरलं होतं. “वरचं टोक लावा, गवंडे सर,” ती म्हणाली. मी हात वर केला. मी चांगला उंच आहे. टाचा उचलल्या, बोटं ताणली. भिंतीवरची रेघ माझ्या बोटांच्याही वर होती.